काय, कुठे, कुणाला, कशासाठी: अमेरिकेबाहेर माल पाठवण्याआधीचे चार प्रश्न

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, पण आपल्यातल्या बऱ्याच घरांशी त्याचा थेट संबंध आहे. विषय आहे अमेरिकेचे व्यापार निर्बंध आणि निर्यात नियंत्रण.

"हे मोठ्या कंपन्यांचं आणि वकिलांचं काम, आपल्याला काय त्याचं?" असं म्हणून लगेच चहा टाकायला उठू नका. समजा, एडिसनमध्ये तुमचा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा छोटा व्यवसाय आहे. किंवा तुम्ही एच-१बी व्हिसावर चिप बनवणाऱ्या कंपनीत आहात. किंवा तुमच्या स्टार्टअपचं ऑफिस ऑस्टिनमध्ये आणि प्रोग्रामरांची टीम पुण्यात आहे. किंवा यांतलं काहीच नाही, फक्त नाशिकचा मावसभाऊ म्हणतोय, "अरे, तेवढा एक कॅमेरा येताना घेऊन ये." या चारही घरांत हा कायदा येऊन पोचतो, आणि बहुतेक वेळा न सांगता येतो.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. 'निर्बंध' म्हणजे कोणत्या देशाशी, संस्थेशी किंवा व्यक्तीशी व्यवहार करायचा नाही याचे नियम. ते अमेरिकेच्या अर्थखात्याचं एक कार्यालय सांभाळतं, त्याला सगळे 'ओफॅक' म्हणतात. 'निर्यात नियंत्रण' म्हणजे कोणती वस्तू, सॉफ्टवेअर किंवा तांत्रिक माहिती परवान्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही याचे नियम. ते वाणिज्य खात्याचं 'बीआयएस' हे कार्यालय पाहतं. शस्त्रास्त्रं आणि खास लष्करी सामान यांचे नियम आणखी वेगळे, ते परराष्ट्र खात्याकडे. एकाच पार्सलला या तिन्ही ठिकाणचे नियम लागू शकतात.

आपल्या ओळखीचं एक उदाहरण घेऊ. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने भारतावर निर्बंध लावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अनेक भारतीय संस्थांची नावं वाणिज्य खात्याच्या यादीत गेली. सप्टेंबर २००१ मध्ये बहुतेक निर्बंध उठले. २०११ मध्ये इस्रो आणि डीआरडीओच्या संस्था यादीतून बाहेर आल्या. २०१८ मध्ये तर भारताला अमेरिकेच्या अगदी जवळच्या मित्रदेशांसारखी काही परवान्यांतून सूट मिळाली. तरीही भाभा केंद्राचं नाव यादीत राहिलं, ते निघालं थेट जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे दोन देशांचे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष गळाभेट घेत होते, त्या काळातही ट्रॉम्बेला एखादं साधं उपकरण पाठवायचं तर परवान्याचा विचार करावा लागत होता. 'भारत मित्रदेश आहे, मग काय अडचण?' हा प्रश्न म्हणूनच पुरेसा नाही. देश मित्र असला, तरी घेणारी संस्था यादीत असू शकते.

मग पुरेसे प्रश्न कोणते? चार आहेत, ते पाठ करून ठेवा: काय पाठवतोय, शेवटी कुठे जाणार, कुणाला मिळणार, आणि कशासाठी वापरणार.

पहिला प्रश्न, काय.

वाणिज्य खात्याची एक लांबलचक यादी आहे. तिच्यातल्या प्रत्येक वस्तूला पाच अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तुमची वस्तू या यादीत कुठेच बसत नसेल, तर ती बहुधा 'ईएआर९९' या गटात येते. रोजच्या वापरातल्या बहुसंख्य वस्तू याच गटातल्या. त्यांना सहसा परवाना लागत नाही. पण 'सहसा' या शब्दावर बोट ठेवा, कारण उरलेल्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर चुकीचं आलं, तर ईएआर९९ वस्तूसुद्धा अडते.

आणि काही वस्तू दिसतात साध्या, पण यादीत असतात. उष्णतेवरून चित्र दाखवणारे काही कॅमेरे, अंधारात दिसणाऱ्या दुर्बिणी, काही प्रकारचं कार्बन फायबर, पाच अक्षांवर चालणारी सीएनसी मशिनं, माहिती गुप्त ठेवणारं काही सॉफ्टवेअर. यांना 'दुहेरी उपयोगाच्या' वस्तू म्हणतात. शेतावर, कारखान्यात, दवाखान्यात चालतात, आणि क्षेपणास्त्रातही चालतात. किंमत किती, आकार केवढा, ऑनलाइन सहज मिळते की नाही, यावर काही ठरत नाही. क्रमांक कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे उत्पादकाला ईमेल करून विचारणं. बहुतेक कंपन्या तो लेखी देतात.

'वस्तू अमेरिकेत बनलीच नाही, मग अमेरिकेचा कायदा कसा?' असंही वाटतं. एप्रिल २०२३ मध्ये सीगेट या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपनीने ३० कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. डिस्क परदेशात बनल्या होत्या आणि चीनच्या ह्वावे कंपनीला विकल्या होत्या. पण त्या बनवताना अमेरिकी तंत्रज्ञानावर आधारलेली यंत्रं वापरली गेली होती, आणि ह्वावेसाठीच्या खास नियमात तेवढं पुरेसं होतं. हा कायदा सीमेवर थांबत नाही. तो वस्तूच्या मागोमाग चालत जातो.

दुसरा प्रश्न, कुठे. म्हणजे पहिला मुक्काम नव्हे, शेवटचा.

हे समजायला कॅलिफोर्नियातल्या एप्सिलॉन इलेक्ट्रॉनिक्सचं प्रकरण ऐका. ही गाड्यांमधल्या म्युझिक सिस्टिम विकणारी कंपनी. ना अणुबॉम्ब, ना रॉकेट. २००८ ते २०१२ या काळात तिने दुबईतल्या एका वितरकाला माल पाठवला. दुबईवर काही बंदी नव्हती. पण त्या वितरकाचा धंदा इराणमध्ये आहे, हे त्याच्या वेबसाइटवर उघड दिसत होतं. ओफॅकने ४० लाख डॉलरहून अधिक दंड ठोठावला. कंपनी न्यायालयात गेली. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने बहुतेक खेपांबाबत सरकारची बाजू उचलून धरली. माल प्रत्यक्ष इराणात पोचला हे सरकारने सिद्ध करायची गरज नाही. तो तिकडे जाणार हे विक्रेत्याला कळायला वाजवी कारण होतं, एवढं पुरे. शेवटच्या काही खेपांचा मुद्दा मात्र न्यायालयाने फेरविचाराला परत पाठवला, कारण वितरकाने दुबईतच दुकान काढल्याचे ईमेल कंपनीकडे होते. २०१८ मध्ये प्रकरण १५ लाख डॉलरवर मिटलं.

या निकालात दोन धडे आहेत. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही, जर पाच मिनिटं शोधलं असतं तर माहीत झालं असतं. आणि तुम्ही विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, याचा कागद जवळ असेल तर त्याला किंमत आहे.

क्युबा, इराण, उत्तर कोरिया, आणि युक्रेनचे रशियाच्या ताब्यातले क्रिमिया, डोनेट्स्क, लुहान्स्क हे भाग यांच्याशी जवळजवळ सगळाच व्यापार बंद आहे. रशियावर फार कडक नियंत्रणं आहेत. सीरियावरचा जुना निर्बंध-कार्यक्रम मात्र ३० जून २०२५ च्या आदेशाने उठला. म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर या वर्षी विसंबू नका.

तिसरा प्रश्न, कुणाला.

अमेरिकी सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या एकत्र करून एक संयुक्त यादी केलेली आहे. ती सरकारच्या ट्रेड डॉट गव्ह या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. खरेदीदार कंपनी, तिचे मालक, माल पोचवणारा एजंट, पैसे पाठवणारी बँक, सगळ्यांची नावं तिथे टाकून बघायची. आपल्याला इथे एक गोष्ट चांगली कळेल. एकच आडनाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलं जातं, हे आपण रोज अनुभवतो. अरबी, फारसी, चिनी, रशियन नावांचंही तसंच. म्हणून एकाच स्पेलिंगवर थांबू नका. उलट, नाव जुळलं म्हणजे माणूस तोच असंही नाही. आपल्याकडे पाटील किती? पत्ता, जन्मतारीख, कंपनीचा नोंदणी क्रमांक जुळतो का ते पाहा, आणि काय पाहिलं ते लिहून ठेवा.

यादीत नाव नसलं तरी काम संपत नाही. ओफॅकचा पन्नास टक्क्यांचा नियम आहे. यादीतल्या एका किंवा अनेक व्यक्तींची मिळून एखाद्या कंपनीत ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल, तर ती कंपनीही बंदीत धरली जाते, तिचं नाव कुठेही छापलेलं नसलं तरी. वाणिज्य खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये असाच नियम आणला आणि नोव्हेंबरमध्ये तो एका वर्षासाठी स्थगित केला. ओफॅकचा नियम मात्र चालूच आहे. म्हणून 'तुमचे मालक कोण?' हे नव्या गिऱ्हाईकाला विचारायला संकोच करू नका.

भारतीय कंपन्यांची नावं या यादीत नसतात, हाही समज काढून टाका. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाला सुटे भाग पुरवल्याबद्दल, आणि जुलै २०२५ मध्ये इराणी पेट्रोकेमिकलच्या व्यापाराबद्दल अमेरिकेने भारतातल्याही काही खाजगी कंपन्यांवर निर्बंध लावले.

चौथा प्रश्न, कशासाठी.

अण्वस्त्रं, क्षेपणास्त्रं, रासायनिक आणि जैविक शस्त्रं यांसाठी वापर होणार असेल, तर साधी वस्तूही परवान्याशिवाय देता येत नाही. हे ओळखायचं कसं? वाणिज्य खात्याने धोक्याच्या खुणा सांगितल्या आहेत, आणि कुठलाही जुना दुकानदार त्या ओळखेल. गिऱ्हाईक वापर काय ते सांगायला टाळतं. त्याच्या धंद्याशी वस्तूचा मेळ बसत नाही, म्हणजे बेकरीवाला लेसर मागतोय. महागडी वस्तू घेतोय, पण बसवून देणं, शिकवणं, दुरुस्ती काहीच नको म्हणतो. उधारीची सोय असताना रोख द्यायला तयार आहे. शेवटचा पत्ता म्हणून फक्त माल पोचवणाऱ्या एजंटचा पत्ता देतो. यातली एक खूण दिसली म्हणजे लगेच गुन्हा झाला असं नाही. पण ती दिसल्यावर डोळे मिटले, तर ते तुमच्या विरुद्ध जातं.

आता पार्सलच नसलेली निर्यात पाहू, कारण नोकरदारांचा संबंध इथे येतो.

नियंत्रित तांत्रिक माहिती किंवा सोर्स कोड अमेरिकेतच, समोरच्या टेबलावर बसलेल्या परदेशी नागरिकाला दाखवला, तरी तो त्याच्या देशाला केलेली निर्यात मानला जातो. टेनेसी विद्यापीठातले प्लाझ्माचे प्राध्यापक जॉन रीस रॉथ यांनी हवाई दलाच्या ड्रोनसंबंधीची माहिती आपल्या चिनी आणि इराणी विद्यार्थ्यांना हाताळू दिली. २००९ मध्ये त्यांना चार वर्षांची कैद झाली. त्या प्रकरणात शस्त्रास्त्रांचा कायदा लागला होता, पण तत्त्व तेच.

म्हणूनच एच-१बी साठी कंपनी जो आय-१२९ फॉर्म भरते, त्यात या माणसाला दाखवायच्या तंत्रज्ञानासाठी परवाना लागतो की नाही, हे कंपनीला प्रमाणित करावं लागतं. तुम्हाला एखाद्या प्रोजेक्टपासून काही काळ दूर ठेवलं, तर तो दर वेळी तुमच्यावरचा अविश्वास नसतो. परवाना यायचा असेल, असंही असतं. तो येईपर्यंत मित्राचा पासवर्ड वापरून फाइल उघडू नका. त्यात दोघांची नोकरी आणि तुमचा व्हिसा पणाला लागतो.

ग्रीन कार्ड मिळालं की चित्र बदलतं. मग या नियमापुरते तुम्ही परदेशी राहत नाही, आणि निर्यात कायद्याचं निमित्त पुढे करून तुमच्याकडे जास्तीची कागदपत्रं मागणं कंपनीला महागात पडू शकतं. २०२३ मध्ये जनरल मोटर्सने अशाच प्रकरणात न्याय खात्याशी तडजोड करून ३,६५,००० डॉलर दंड भरला. दुसरी बाजूही ऐका. ग्रीन कार्डवाला किंवा अमेरिकी नागरिक जगात कुठेही असला, तरी ओफॅकचे नियम त्याच्यासोबत जातात. तुम्ही दुबईच्या कंपनीत व्यवस्थापक आहात आणि कंपनी इराणशी व्यवहार करतेय, तर तुम्ही त्या कागदावर सही करू शकत नाही, आणि 'मी बाजूला होतो, तू बघ' असं म्हणून तो व्यवहार पुढेही ढकलू शकत नाही.

पुण्यात टीम असलेल्या मंडळींसाठी: सर्व्हरवरची नियंत्रित फाइल पुण्यातून उघडली, की निर्यात झाली. कोणत्या फोल्डरला कुणाचा प्रवेश, हे पहिल्या दिवशीच ठरवा. आणि पुण्याहून तीच वस्तू किंवा माहिती पुढे दुसऱ्या देशात जाणार असेल, तर भारताचा स्वतःचा कायदाही आहे. भारताच्या अशा वस्तूंच्या यादीला 'स्कोमेट' म्हणतात आणि परवाना विदेश व्यापार महासंचालनालय देतं.

घरगुती गोष्टींकडे येऊ. सुट्टीला भारतात जाताना स्वतःचा नेहमीचा लॅपटॉप आणि फोन नेण्यासाठी नियमांत सवलती आहेत, त्याची चिंता नको. पण कंपनीच्या लॅपटॉपवर नियंत्रित आराखडे असतील, तर आधी कंपनीला विचारा. अंधारात पाहायची दुर्बीण किंवा बंदुकीवरची दुर्बीण भेट म्हणून बॅगेत टाकू नका. आणि सगळ्यात नाजूक प्रसंग: ओळखीचं कुणी म्हणतं, "वहिनी, तुमच्या पत्त्यावर थोडे पार्ट मागवतो, तुम्ही फक्त पुढे दुबईला पाठवा." बंदी असलेल्या देशांत चिप आणि सुटे भाग नेमके अशाच आडवाटेने जातात. नात्यात नाही म्हणणं जड जातं, हे खरं. पण कागदावर पाठवणारा म्हणून नाव तुमचं लागतं. सरळ सांगा, "भाऊजी, वस्तूचा क्रमांक आणि शेवटी कोण वापरणार ते लेखी द्या, मग बघते." खरं काम असेल तर कागद येईल. नसेल तर फोन येणं बंद होईल.

आयात करणाऱ्यांनाही हे लागू आहे. ई.एल.एफ. कॉस्मेटिक्स ही कंपनी चीनमधून कृत्रिम पापण्या आणायची. त्यातला कच्चा माल उत्तर कोरियाचा निघाला. पाच वर्षांत १५६ खेपा, मालाची किंमत सुमारे ४४ लाख डॉलर. कायद्याने दंड चार कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकला असता. कंपनीने स्वतः पुढे येऊन सांगितलं, पुरवठादारांची तपासणी सुधारली, आणि जानेवारी २०१९ मध्ये प्रकरण दहा लाख डॉलरच्या आत मिटलं.

चूक झाल्याचं लक्षात आलं तर काय करायचं, ते या प्रकरणात दिसतं. पुढची खेप थांबवा. एकही ईमेल पुसू नका, कागदांवर मागच्या तारखा घालू नका. या विषयातला वकील गाठा आणि स्वतःहून कळवायचं का ते ठरवा. दिवाणी दंडासाठी हेतू वाईट असावाच लागतो असं नाही. एका उल्लंघनाला साडेतीन लाख डॉलरहून अधिक किंवा व्यवहाराच्या दुप्पट, जे जास्त असेल ते. जाणूनबुजून केलं तर २० वर्षांपर्यंत कैद. स्वतः सांगितल्यास दंड बराच कमी होतो. आणि एप्रिल २०२४ पासून निर्बंधांच्या प्रकरणांची मुदत पाचावरून दहा वर्षांवर गेली आहे, म्हणून ओफॅकसाठी कागदही दहा वर्षं जपायचे.

छोट्या व्यवसायाला यासाठी मोठं खातं उघडावं लागत नाही. एक पान पुरतं. त्यावर चार प्रश्न, प्रत्येक ऑर्डरची उत्तरं, यादी तपासल्याची तारीख, आणि 'हा माल थांबवा' असं म्हणायचा अधिकार कुणाला ते नाव. एका प्रकारच्या मालाची किंमत २,५०० डॉलरच्या वर असेल किंवा परवाना लागत असेल, तर सरकारच्या प्रणालीत निर्यातीची नोंदही करावी लागते. शंका असेल तर बीआयएसच्या सल्ला कक्षाला फोन करता येतो, आणि त्यांच्या परवान्याच्या अर्जाला शुल्क नाही.

मंडळी, ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमच्या प्रकरणात वकिलाचाच सल्ला घ्या. पण वकिलाकडे जाण्याआधीचं काम तुमचंच आहे: पार्सलला टेप लावण्याआधी चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून ठेवायची. काय, कुठे, कुणाला, कशासाठी. एवढं एका कागदावर लिहून पॅकिंगच्या टेबलासमोर चिकटवा.